निव्वळ

तू झालीस त्या दिवशी
सोयाबीनच्या एकेचाळीस गाड्या मोजून झाल्या होत्या.
बेचाळिसावी काट्यावर उभी,
तेवढ्यात देवणीहून मेव्हण्याचा फोन:
"भावजी, मुलगी. दोन किलो शंभर."
हाताच्या सवयीनं पावतीच्या मागं
वजन लिहिलं, वेळ टाकली, सही केली.
खाली अजीम ड्रायव्हर ओरडायला,
"काय झालं मन्मथराव, बटन दाबा की!"

नऊ वर्षं मी उदगीरच्या मोंढ्यात वजनं सांगतो.
भरलेली गाडी, मग रिकामी गाडी,
उरलं ते निव्वळ.
आमच्या काट्याला दहा किलोच्या आतलं
धड कळत नाही.
कुत्रं येऊन झोपलं तरी शून्य.

पहिल्यांदा बघायला आलो
तर तुला सरळ हातावरच ठेवलं त्यांनी.
रोज शेकडो टन बघणारा मी,
कोपरापासून कापत होतो.
सासू आधी कानडीत काहीतरी बोलली,
मग माझ्यासाठी मराठीत:
"धरा की, फुटत नाय ते."

बारशाला माझ्या बहिणीनं
कानात कुर्र करून सांगितलं, नीलांबिका.
तुझ्यापेक्षा नावच जड.
तू जांभई दिलीस.

खरं सांगू?
तेव्हा माया बिया काही नव्हती.
नुसती भीती होती,
आणि घरी जाऊन झोपावंसं वाटत होतं.
हे मी कुणाला बोललो नाही.

तीन महिने तू फोनमध्ये राहिलीस.
रेंज गेली की तोंडाचे चौकोन व्हायचे,
एक डोळा इकडं, हनुवटी तिकडं,
मी तसाच धरून बसायचो.
रविवारी एसटीनं यायचो तर
दर वेळी वेगळंच लेकरू.
एकदा मला बघून भोकाड पसरलंस.
शिवलीला म्हणाली, मिशीला भ्यायलीय.
सोमवारी मिशी काढून कामावर गेलो.
मोंढ्यात जो तो आवाज खाली करून विचारायला,
"कोण गेलं?"
म्हटलं, गेलं नाही. आलंय.

आता तू इथं आहेस.
रात्री दोनला उठतेस, लोड घेऊन आलेल्या गाडीसारखी,
थांबायची तयारी नाही.
तुझी आई तेवढ्यात बसल्या बसल्या झोपते.
मी तुला घेऊन गच्चीवर फिरतो,
लांब बिदर रोडचे दिवे दाखवतो,
हा ट्रक, हा टँकर, हा रिकामा चाललाय बघ.
माझ्या वडलांनी मला घेतलेलं मला आठवत नाही.
आई म्हणते, घ्यायचे की,
कुणी बघत नसलं की घ्यायचे.

मागच्या महिन्यात अंगणवाडीच्या ताईनं
तुला झोळीत टांगलं, काटा वाचला,
आणि काही बोलली नाही.
फक्त साडेतीनशे ग्रॅम वाढलीस.
मी तीनदा वाचायला लावलं.
मला ते म्हातारे आठवले,
तुरीची पोती उतरवता उतरवता म्हणायचे,
"साहेब, पाच किलो कमी दाखवायलाय."
आणि मी म्हणायचो, खिडकीतूनच,
पाच किलोनं काय होतंय?

काल अमावस्या. मोंढा बंद.
तुम्हा दोघींना घेऊन गेलो काट्यावर.
आधी एकटा उभा राहिलो.
शिवलीला केबिनमधून ओरडली, "साठ!"
मग तुला घेतलं.
आकडा हलला, थांबला, पुन्हा हलला.
"सत्तर!"
तू पाच किलो चारशे. परवाच मोजलंय.
बाकीचं काट्याच्या पदरचं.
"खोटं हाय हे," शिवलीला म्हणाली.
मीही तेच म्हणणार होतो.

तरी पावती काढली.
गाडी नंबरच्या जागी काही नाही,
मालाच्या जागी काही नाही.
वाचून दाखवावी म्हणून तुझ्यासमोर धरली
तर ओढून तोंडात घातलीस.
बोट घालून काढेस्तोवर
सात विरघळला होता,
शून्य तेवढं राहिलं, ओलं.